ताटाची डावी बाजू

ताट वाढायची एक रीत असते आणि ती मला आईनं हातावर चापट्या मारून शिकवली. वरच्या काठाला मधोमध मीठ. मिठाच्या डावीकडं लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडं भाजी आणि वरणाची वाटी. भाकरी खाली, जरा डाव्या अंगाला, म्हणजे उजवीकडं कालवायला जागा राहते. भाजी कुणीही करतं, असं आईचं म्हणणं. बाईचा हात कळतो तो डाव्या बाजूवरून. मी दहा वर्षांची असताना एकदा लोणचं उजवीकडं वाढलं, तर तिनं पाहुण्यांसमोर मला ते ताट उचलायला लावून पुन्हा वाढायला लावलं. तो अपमान मी विसरले नाही आणि डावी बाजूही नंतर कधी चुकले नाही.

लग्न होऊन मानवतला आले तेव्हा सासरी असलं काही नव्हतं. भाकरी, तिच्यावर ठेचा, बाजूला फोडलेला कांदा, झालं जेवण. पहिल्याच आठवड्यात मी सासऱ्यांना माझ्या रीतीनं ताट वाढलं. आमच्याकडं सुना सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांनी ताटाकडं जरा वेळ बघितलं, कारळाची चटणी बोटावर घेऊन चाखली आणि सासूबाईंना हाक मारली, "आगं, इकडं ये. पोरीनं ताट कसं मांडलंय बग." त्या दिवसापासून कारळाची चटणी आमच्या घरात कधी संपली नाही. जवसाची असायची, शेंगदाण्याची असायची, पण मामांचं बोट आधी कारळाकडं जायचं. माझा स्वभाव तापट, तोंड फटकळ, हे सगळ्यांना माहीत होतं आणि मलाही. घरात माझं कौतुक व्हायचं ते एवढ्या एकाच गोष्टीचं.

नोकरीनं मी विज्ञानाची शिक्षिका. मानवतजवळच्या एका गावात आमचं हायस्कूल आहे. डोळ्याचा धडा आला की मी दरवर्षी एक प्रयोग करून घेते. कागदावर डावीकडं एक फुली काढायची, चार बोटं सोडून उजवीकडं एक ठसठशीत टिंब. डावा डोळा हातानं झाकायचा, उजव्या डोळ्यानं फुलीकडंच बघत राहायचं आणि कागद हळूहळू तोंडाजवळ आणायचा. एका ठरावीक अंतरावर टिंब गायब होतं. मग वर्गात एकच गलका. "मॅडम, टिंब गेलं!"

"गेलं तिथं काय दिसतंय? भोक?" मी विचारते.

"न्हाई मॅडम, कोरा कागदच दिसायलाय."

मग मी जरा तोऱ्यात सांगते. डोळ्याच्या पडद्यावर एक जागा अशी असते की जिथं काहीच उमटत नाही. तिला अंधबिंदू म्हणतात. पण मेंदू तिथं भोक ठेवत नाही. आजूबाजूचं बघून तो ती जागा भरून टाकतो आणि आपल्याला पत्ताही लागू देत नाही. म्हणून 'मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय' असं म्हणून कुणाशी भांडायला जाऊ नका. हे शेवटचं वाक्य मी कित्येक वर्षं वर्गात म्हणत आले. घरी येताना ते शाळेतच राहत असावं.

सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्यांचं वर्षश्राद्ध आलं. नेमके दहावीचे पेपर चालू होते आणि माझी पर्यवेक्षणाची ड्यूटी होती. रजा मागता आली असती. मी मागितली नाही. पन्नास माणसांचा स्वयंपाक माझ्याच गळ्यात पडणार हे दिसत होतं, आणि ड्यूटीचं निमित्त आयतं मिळालं होतं. आचारी सांगितला. मी केंद्रावरून थेट घरी आले तेव्हा पंगत बसलेली होती, माझी पर्स अजून खांद्यालाच होती. आचाऱ्याची माणसं बादल्या घेऊन भराभर वाढत होती. भाजी, वरण, भात, बुंदी. चटणी-कोशिंबिरीची त्यांना आठवणच राहिली नव्हती.

मामा पंगतीच्या टोकाला बसले होते. पत्रावळीकडं बघत ते म्हणाले, "सूनबाई, पानाची डावी बाजू मोकळीच राहिली की. ती असती तर तिनं हे बगितलं असतं का?"

आवाज चढलेला नव्हता. बायको गेलेला माणूस बोलला, एवढंच. पण चार माणसांनी माना वर केल्या, एका बाईनं पदर तोंडाला लावला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिच्या हातची डावी बाजू अख्ख्या घरानं वाखाणली, तिला भर पंगतीत ऐकवावं! मी स्वयंपाकघरात जाऊन पातेलं आपटलं. त्यानंतर तीन आठवडे मी मामांशी कामापुरतंच बोलले. ते दोन-तीनदा काहीतरी विचारायला आले, मी "हो", "नाही" यापलीकडं गेले नाही.

पाडव्याच्या आसपास एका सकाळी चहा पिताना मामांच्या डाव्या हातातली कपबशी सुटली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. आमच्या यांनी लगेच गाडी काढली आणि त्यांना परभणीला नेलं. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गाठ अडकली होती. पाच दिवस दवाखान्यात काढले. घरी आले तेव्हा तोंड सरळ झालं होतं, बोलणं स्वच्छ होतं, डावा हात थोडा जड पण हलत होता. जो तो म्हणायचा, थोडक्यात निभावलं. सोडताना डॉक्टरबाईंनी मला सांगितलं होतं, "महिन्यानं परत आणा. मला अजून काही गोष्टी तपासायच्या आहेत." महिना झाला तेव्हा घरात दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि मामा चालत-बोलत होते. मी म्हटलं, आता काय राहिलंय तपासायचं? नेलं नाही.

दवाखान्यातून आल्यावरच्या पहिल्या जेवणाला मी राग बाजूला ठेवला होता. खरंच ठेवला होता. मन लावून ताट वाढलं. दोडक्याची भाजी, वरण, ज्वारीची भाकरी, आणि डावीकडं लिंबू, कारळाची चटणी तेल घालून, काकडीची कोशिंबीर. मामा जेवले. भाजी संपवली, वरण संपवलं. भाकरीचा उजवा अर्धा भाग खाल्ला. डावी बाजू जशीच्या तशी ठेवून म्हणाले, "झालं," आणि उठले.

ताटात अर्ध्या चंद्रासारखी भाकरी उरली होती आणि तिच्या पलीकडं माझी चटणी, बोटसुद्धा न लागलेली. मी ते ताट हातात घेऊन उभी राहिले. मला वाटलं, आपल्याला काय सांगितलं जातंय ते आपल्याला कळलं. त्या दिवशी माझी डावी बाजू मोकळी राहिली ना? मग आता तुझी डावी बाजू मला नको.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी हट्टाला पेटले. रोज डावी बाजू जास्तच भरायला लागले. एक दिवस पंचामृत, एक दिवस किसलेल्या कैरीचा तक्कू, एक दिवस दह्यातलं भरीत. सगळं परत यायचं. बाकीच्या ताटाला मात्र नावं ठेवायला जागा नसायची, उजवी बाजू चाटून पुसून साफ. इतकं मोजूनमापून कुणी चुकून टाकतं का? हे मी माझ्या डोळ्यांनी बघत होते.

आणखीही बरंच बघत होते. मामा सदऱ्यात डावा हात घालायचेच नाहीत, बाही लोंबत राहायची. एका पायात चप्पल घालून अंगणात जायचे. दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटायचा आणि ते चौकटीलाच शिव्या द्यायचे. रोजचा पेपर त्यांनी सोडून दिला. "आजकाल काय लिवतेत, कायबी अर्थ लागंना," म्हणायचे. मी डावीकडून हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत, बघायचेही नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालेलं होतं, रस्त्यावरून गेलेला माणूस ते लांबून ओळखायचे. म्हणजे डोळ्यांचं काही कारण नव्हतं. या एकेका गोष्टीचा अर्थ मी लावत गेले आणि प्रत्येक अर्थ माझ्या रागाच्या सोयीचा होता. बाही लोंबते, म्हणजे मी घालून द्यावी अशी अपेक्षा. ओ देत नाहीत, म्हणजे सुनेचं तोंड बघायचं नाही. विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं एवढी निरीक्षणं गोळा केली आणि निष्कर्ष काढला तो हा.

अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्याकडच्या अकितीला, आम्ही पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतो आणि आमरस-पोळीचं जेवण करतो. त्या दिवशी माझी नणंद सोनपेठहून आली होती. ती मामांना आण्णा म्हणते, आमचे हेही आण्णाच म्हणतात. ती मामांच्या समोर बसली, हे तिच्या शेजारी. उजवीकडं कटाच्या आमटीची वाटी होती म्हणून मामांच्या रसाची वाटी मी डावीकडं, पोळीला लागून ठेवली. मोठी वाटी होती, काठोकाठ भरलेली.

मामांनी ताटावर नजर फिरवली आणि हळूच विचारलं, "यंदा रस न्हाई केला व्हय?"

नणंदेनं माझ्याकडं बघितलं. सकाळपासून मी दोन डझन आंबे पिळले होते. मनगटं भरून आली होती. लेकीसमोर मला खोटं पाडायचा डाव आहे, असं माझ्या मनानं घेतलं.

"डोळे फुटले का तुमचे?" मी ओरडले. "वाटी समोर ठेवलीय ती काय?"

सासऱ्याला असं बोलणारी सून आमच्या घरात त्याआधी झाली नव्हती. मामांनी मान खाली घातली. त्यांचा हात ताटात उजवीकडं फिरला आणि आमटीच्या वाटीला लागला. "हाय की," ते म्हणाले. "हाय, हाय. माझं ध्यान न्हवतं, चुकलं बग." आणि त्यांनी पोळीचा तुकडा त्या आमटीत बुडवून खाल्ला. "गोड झालाय रस," असंही म्हणाले.

मला वाटलं, ही तर थट्टाच झाली. मी वाकले, डावीकडची वाटी उचलली आणि त्यातला रस सगळ्यांदेखत पातेल्यात ओतला. मामांनी ते बघितलंही नाही. ते आमटीत पोळी बुडवत राहिले. नणंद मान खाली घालून जेवली. जाताना ती मामांना म्हणाली, "आण्णा, चला पंधरा दिवस सोनपेठला." ते म्हणाले, "न्हाई बाई. हितं बराय म्या."

त्यानंतर मामांनी ताटावर बसून काही मागणं बंद केलं. जे खायचं ते खायचं, तांब्याभर पाणी प्यायचं आणि उठायचं. "झालं. पोट भरलं." मे गेला, जून लागला. सदरा अंगावर लोंबायला लागला. गळ्याची हाडं दिसायला लागली. हे एकदा म्हणाले, "आण्णा लय वाळायलेत. दाखवून आणायचं का?"

"खाल्लं तर वाळणार नाहीत," मी म्हटलं. "अर्धं ताट मुद्दाम टाकतात रोज. माझ्या हातचं चालत नाही त्यांना."

आमच्या यांना भांडणाचा कंटाळा. ते शेतात निघून गेले. मी भरलेली ताटं वाढत होते आणि माझ्या घरात एक म्हातारा माणूस रोज दोन वेळा अर्धपोटी उठत होता. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. दुपारची जेवणं झाली, मामांनी हात धुवायला मागं सरकायला सुरुवात केली आणि मी त्यांच्यासमोरचं ताट रागानं उचललं. तेवढ्यात मुख्याध्यापकांचा फोन आला. फोन घ्यायला हात रिकामा हवा म्हणून मी ताट आहे तिथंच परत टेकवलं आणि बाहेर गेले. टेकवताना ते अर्धं गोल फिरलं होतं. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

पाच मिनिटांनी आत आले तर मामा जेवत होते. उरलेल्या भाकरीचा तुकडा मोडून कारळाच्या चटणीत घोळत होते, घाईघाईनं, भुकेल्या माणसासारखे. बोटांना तेल लागलं होतं. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"कारळाची केलीस व्हय?" ते म्हणाले. "लय दिवसांनी केलीस, पोरी. लय याद येत व्हती."

ती चटणी अडीच महिने रोज त्यांच्या ताटात होती.

मग मी खाली बसले आणि ताट पुन्हा फिरवलं. आता चटणी त्यांच्या डावीकडं गेली. त्यांचा हात ताटात थोडा फिरला आणि थांबला. "संपली वाटतं," ते म्हणाले. मी ताट परत उलटं फिरवलं. "आगं, हाय की आजून!" मी आणखी एकदा फिरवलं. ते हसले. "काय करायलीस? ताट हाय का चाक?" माझ्या डोळ्यांसमोर फुली आणि टिंब आलं, आणि वर्गातल्या मुली ओरडताना ऐकू आल्या. टिंब गेलं, मॅडम. आणि तिथं भोक दिसत नाही, कोरा कागदच दिसतो.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि मामांना परभणीला नेलं. डॉक्टरबाईंनी कागदावर बऱ्याच आडव्यातिडव्या रेघा ओढल्या आणि मामांना सांगितलं, प्रत्येक रेघेवर काट मारा. मामांनी उजव्या अर्ध्या कागदावरच्या सगळ्या रेघांवर नीट काट मारली, डावीकडच्या एकाही रेघेला हात लावला नाही, आणि पेन खाली ठेवून म्हणाले, "झालं." मग घड्याळ काढायला सांगितलं. त्यांनी गोल काढला, बारापासून सहापर्यंतचे आकडे उजवीकडं लिहिले आणि थांबले. डावीकडं काहीच नव्हतं. त्यांना ते घड्याळ पुरं वाटत होतं.

"डोळे त्यांचे चांगले आहेत," डॉक्टरबाई मला म्हणाल्या. "पण बघणं काही डोळ्यांत पुरं होत नाही, ते मेंदूत होतं. आपल्या डाव्या बाजूला एक जग आहे, तिकडं लक्ष द्यायचं आहे, हे सांभाळणारा भाग मेंदूच्या उजव्या अंगाला असतो. त्यांना मार बसलाय तो तिथंच."

"म्हणजे त्यांना डावीकडं अंधार दिसतो?"

"तुम्हाला आत्ता तुमच्या पाठीमागं काय दिसतंय?"

"काहीच नाही."

"काळं दिसतंय का?"

मी विचार केला. काळं दिसत नव्हतं. तिथं काही नव्हतंच, आणि नाही याची उणीवही भासत नव्हती.

"तसंच त्यांची डावी बाजू," त्या म्हणाल्या. "आपल्याला काही दिसायचं राहिलंय हेच त्यांना कळत नाही. मग ते विचारणार तरी काय?"

मी त्यांना सांगितलं की मी शाळेत अंधबिंदू शिकवते. का सांगितलं कुणास ठाऊक. त्या हसून म्हणाल्या, "मग तुम्हाला हे समजायला सोपं गेलं असेल." नंतर फाईल चाळत त्यांनी विचारलं, "महिन्यानं आणायला सांगितलं होतं ना मी?" भूमी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी काहीतरी पुटपुटले. त्यांनी वजन बघितलं, आधीचं वजन बघितलं आणि जास्त काही बोलल्या नाहीत. ताटाच्या डाव्या काठाला लाल पट्टी लावा, म्हणाल्या. ती पट्टी सापडेपर्यंत त्यांनी मान वळवायची, मगच जेवण संपलं म्हणायचं. तुम्ही त्यांच्या डावीकडं बसत जा, तिकडूनच बोला, ते तुम्हाला शोधायला शिकतील. किती सुधारेल ते सांगता येत नाही, पण सुधारेल.

घरी आल्यावर मी मामांसमोर बसले. माफी मागायची मला सवय नाही. शब्द सापडत नव्हते, म्हणून सरळ सांगून टाकलं. "मामा, चटणी रोज होती. कोशिंबीर होती, लोणचं होतं. पहिल्या दिवसापासून. तुमच्या आजारामुळं तुम्हाला दिसत नव्हतं, आणि मला वाटलं तुम्ही मुद्दाम टाकताय."

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"मला वाटलं, तू वाढंनाशी झालीस."

"मग विचारलं का नाही मला?"

"कसं विचारू?" ते म्हणाले. "म्या पंगतीत बोललो व्हतो ना तुझ्या पानावर. चार माणसांत. तसं बोलाय नको व्हतं. तुला लागलं आसंल. म्हणलं, हिचा राग बरोबर हाय. निवळंल तवा वाढंल."

एक गोष्ट मात्र विचारल्याशिवाय राहवलं नाही. "आणि त्या दिवशी रस? तुम्ही आमटीत पोळी बुडवून 'गोड झालाय' म्हणालात."

"मंग काय म्हणू?" मामा म्हणाले. "लेक बसली व्हती समोर. सून रस वाढंना, असं सांगू तिला? तुझी इज्जत ती आमच्या घराची इज्जत."

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. दोघांच्याही समोर एकच ताट होतं आणि दोघांनाही त्याची अर्धी बाजू दिसत नव्हती. त्या रिकाम्या जागी मी त्यांचा सूड भरला. त्यांनी तिथं स्वतःची चूक भरली, आणि मी न केलेल्या अपराधाची मला माफी देऊन टाकली. त्यांच्या मेंदूला मार बसला होता. माझ्या मेंदूला काहीही झालेलं नव्हतं.

लाल पट्टी लागली. मी डावीकडं बसायला लागले. सुरुवातीला ते मान वळवायचे ती अर्ध्यातच थांबायची, मग मी म्हणायचे, "अजून, मामा, अजून." श्रावण संपेपर्यंत पट्टी सापडायला लागली. अंगावर मांस धरलं. पेपर अजून नीट वाचता येत नाही, मी ओळीच्या सुरुवातीला बोट ठेवते. हे सगळं बघणाऱ्यांना वाटतं, काय सेवा करते ही बाई. मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. नणंदेला फोनवर आजाराबद्दल सगळं सांगितलं, लाल पट्टीबद्दल सांगितलं. रसाच्या वाटीबद्दल ती काही बोलली नाही आणि मीही तो विषय काढला नाही.

या मार्चमध्ये सासूबाईंचं श्राद्ध पुन्हा आलं. यंदाही पेपर चालूच होते. मी आठ दिवस आधीच अर्ज देऊन रजा घेतली आणि स्वयंपाक स्वतः केला. प्रत्येक पानाची डावी बाजू माझ्या हातानं वाढली. मामांच्या पत्रावळीच्या डाव्या कडेला लाल दोरा ठेवला आणि त्यांच्या डावीकडं बसले. नणंद त्यांच्या उजवीकडं होती. पंगत भरली होती, मागच्या वेळचीच बरीचशी माणसं.

जेवता जेवता नणंद सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वैनी व्हती म्हणून आण्णा उठले. अन् हे काय आजचं न्हाई. मागच्या उन्हाळ्यात अकितीला वैनी जरा चिडली, तर मला वाईट वाटलं व्हतं. मी रोज फोन करून विचारायची, आण्णा, जेवलाव का, नीट वाढती का वैनी? तर आण्णा रोज सांगायचे, ताट भरून वाढती गं, लय जीव लावती. पेपर तपासायचे असत्यात, डोकं तापतं तिचं, तू मनावर घिऊ नको."

माणसं माझ्याकडं कौतुकानं बघायला लागली. मागच्या उन्हाळ्यात. रोज. म्हणजे अर्ध्या ताटावरून उठून, तांब्याभर पाणी पिऊन, त्यांनी रोज लेकीला खोटं सांगितलं होतं. माझ्यासाठी. हे मला त्यांनी परभणीहून आलो त्या दिवशीही सांगितलं नव्हतं.

तोंड उघडावं आणि पंगतीत सगळं सांगून टाकावं, असं वाटलं. ज्या पंगतीत माझा अपमान झाला म्हणून मी एवढं केलं, त्याच पंगतीत. पण धीर झाला नाही. मी मामांच्या डावीकडं होते. तिथं त्यांना माझा चेहरा दिसत नाही, ते मला माहीत होतं, आणि त्या क्षणी मला त्याचाच आधार वाटला. मी मान खाली घालून बसून राहिले.

मग मामांची मान वळायला लागली. मी शिकवली होती तशीच, हळूहळू, भाजीवरून भाकरीवर, भाकरीवरून मिठावर, मिठावरून चटणीवर. त्यांना लाल दोरा सापडला. तिथं थांबायचं असतं. ते थांबले नाहीत. मान आणखी वळली, दोऱ्याच्या पलीकडं, आणि त्यांनी मला शोधून काढलं. माझे डोळे भरले होते ते त्यांनी बघितलं.

"चटणी वाढ थोडी," ते म्हणाले.

मी वाढली.